ऑफसाइड : लाइनवर उभं राहून दिसतो तसा

फुटबॉलच्या सामन्यात लाइनवर झेंडा घेऊन उभं राहणाऱ्याला ऑफसाइडचा नियम पाठ असतोच. नियम तसा पानभराचा. तरीही झेंडे चुकतात, आणि नियम कळला नाही म्हणून चुकलेले झेंडे फार थोडे असतात. पाय दोन पावलं पुढे-मागे पडलेले असतात, नाहीतर नजर क्षणभर उशिरा पोहोचलेली असते. या कामात मुरलेला माणूस नियमाआधी उभं राहण्याच्या जागेबद्दल बोलतो, ते यामुळेच. कुठे उभं राहायचं, कधी बघायचं, झेंडा किती वेळ खाली धरायचा आणि गडबड नेमकी कुठे होते, हे सगळं ओळीने सांगतो. पण आधी नियम नीट मांडून घेऊ.

ऑफसाइड ठरवताना मनात दोन प्रश्न असतात आणि ते वेगवेगळे ठेवावे लागतात. पहिला जागेचा. साथीदाराने चेंडू खेळला किंवा त्याला स्पर्श केला, त्या क्षणी पुढचा खेळाडू प्रतिस्पर्ध्यांच्या अर्ध्या मैदानात होता का? चेंडूपेक्षा त्यांच्या गोललाइनच्या जवळ होता का? आणि गोलकीपर धरून त्यांच्या शेवटून दुसऱ्या खेळाडूपेक्षाही जवळ होता का? तिन्ही उत्तरं ‘हो’ आली तरच तो ऑफसाइड जागी. डोकं, धड आणि पाय यांतला कुठलाही भाग पुढे असला तरी पुरतो. हात मात्र धरत नाहीत, गोलकीपरचेही नाहीत. हात कुठे सुरू होतो याची हद्द काखेच्या खालच्या टोकाशी आहे, म्हणजे खांदा पुढे आला तर तो मोजला जातो. शेवटून दुसऱ्या खेळाडूच्या बरोबरीत असणारा ऑफसाइड नसतो. मधल्या रेषेवर उभा असलेला आपल्याच अर्ध्यात धरला जातो.

दुसरा प्रश्न सहभागाचा. ऑफसाइड जागी असणं हा गुन्हा नाही. तिथून खेळात भाग घेतला तर गुन्हा. साथीदाराकडून आलेला चेंडू खेळणं, गोलकीपरच्या नजरेच्या रेषेत उभं राहून त्याला चेंडू दिसू न देणं, चेंडूसाठी प्रतिस्पर्ध्याशी झुंजणं, किंवा पोस्टला, बारला, प्रतिस्पर्ध्याला लागून वा गोलकीपरने अडवून परतलेला चेंडू खेळून आधीच्या जागेचा फायदा उठवणं, हे सगळं सहभागात येतं. नुसतं कोपऱ्यात उभं राहून बुटाची नाडी बांधणाऱ्यासाठी झेंडा उचलायचा नसतो. गोल किक, थ्रो-इन आणि कॉर्नर यांवरून थेट आलेल्या चेंडूला ऑफसाइडच नाही. तिथे हात सवयीने वर जातो, त्याला आवरावं लागतं. फ्री किकला मात्र नियम पूर्ण लागू असतो.

आता जागा. प्रत्येक असिस्टंट रेफरीकडे, म्हणजे लाइनवरच्या झेंडेवाल्याकडे, मैदानाचा एकच अर्धा भाग असतो आणि त्याने शेवटून दुसऱ्या डिफेंडरच्या ओळीत राहायचं असतं. चेंडू त्याच्याही पुढे, गोललाइनकडे गेला तर चेंडूच्या ओळीत. ऐकायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात डिफेंडरांची ओळ सतत हलत असते. दोन पावलं वर, एक मागे, मग अचानक सगळे पुढे धावले. तिच्याबरोबर हलण्यासाठी थोड्या अंतरापर्यंत आडवं सरकायचं, म्हणजे छाती मैदानाकडे ठेवून पाय बाजूला टाकत. समोर तोंड करून धावलं की खांदा वळतो, नजर तिरकी होते आणि ओळ हातची जाते. डिफेंडरांच्या मधून पुढे टाकलेल्या लांब पासवर पूर्ण वेगाने धावावंच लागतं, पण तेव्हासुद्धा मान मैदानाकडेच. नवशिक्यांची पोटरी आणि मांडीची आतली बाजू पहिल्या काही सामन्यांनंतर दुखते ती या आडव्या चालीमुळे. सरावात गोललाइनपासून मधल्या रेषेपर्यंत नुसतं असंच सरकत जायचं आणि परत यायचं. धावण्याच्या तयारीपेक्षा मला हा सराव जास्त मोलाचा वाटतो.

ओळ एका मीटरने चुकली तर काय होतं, हे कागदावर रेघा मारून बघण्यासारखं आहे. समजा डिफेंडर आपल्यापासून ३० मीटर आत आहे आणि आपण त्याच्या ओळीपेक्षा १ मीटर गोललाइनच्या बाजूला सरकलो आहोत. आपली नजर डिफेंडरवरून पलीकडे जाते ती तिरकी, मधल्या रेषेकडे झुकत. आपल्यापासून ५० मीटरवर, म्हणजे पलीकडच्या बाजूला, ही नजरेची रेघ खऱ्या ओळीपासून सुमारे ६७ सेंटिमीटर मागे पडते. त्यामुळे तिथला फॉरवर्ड डिफेंडरच्या बरोबरीत असला, किंवा अर्धा मीटर मागे असला, तरी आपल्याला तो पुढेच दिसतो. झेंडा वर जातो आणि चांगला गोल रद्द होतो. आता उलट बाजू. तोच फॉरवर्ड आपल्यापासून १५ मीटरवर, म्हणजे डिफेंडरच्या अलीकडे असेल, तर नजरेची रेघ खऱ्या ओळीच्या ५० सेंटिमीटर पुढे असते. तो ४० सेंटिमीटर ऑफसाइड असूनही आपल्याला ऑनसाइड दिसतो. म्हणजे पाय तेवढेच चुकलेले असताना पलीकडे खोटा झेंडा आणि अलीकडे सुटलेला झेंडा. आपण ओळीच्या मागे राहिलो तर हेच उलटं होतं.

हे नुसतं गणित नाही. २००० साली ‘नेचर’ या नियतकालिकात डच संशोधकांचा यावरचा छोटा लेख आला होता. असिस्टंट रेफरी सरासरीने शेवटच्या डिफेंडरच्या ओळीपेक्षा साधारण मीटरभर गोललाइनच्या बाजूला उभे असतात, आणि त्यांच्या चुका वर सांगितलेल्या भूमितीप्रमाणेच पडतात, असं त्यांनी दाखवलं. माणूस गोललाइनकडेच का झुकतो याचं कारण लाइनवर लगेच कळतं. मागून वेगाने चेंडू येणार आणि आपण मागे पडणार ही धास्ती पायांना आधीच पुढे ढकलते. उपाय एकच : पास होईपर्यंत ओळीत थांबायचं, आणि पास झाल्यावर धावायचं. चेंडूपेक्षा उशिरा पोहोचलो तरी चालतं. ऑफसाइडचा निर्णय पासच्या क्षणी झालेला असतो, चेंडू पोहोचल्यावर नाही.

त्या क्षणाचीच आता गोष्ट. चेंडूला पाय लागला त्या क्षणाचं चित्र गोठवून डोळ्यात ठेवायचं असतं. नियम पहिल्या स्पर्शाचा क्षण धरतो. गोलकीपरने हाताने फेकलेल्या चेंडूला मात्र शेवटच्या स्पर्शाचा, म्हणजे चेंडू हातातून सुटण्याचा. वेगाने धावणारा फॉरवर्ड सेकंदाला ८ मीटर सहज काढतो. समोरून डिफेंडर सेकंदाला ३ मीटरने वर येत असेल, तर दोघांमधलं अंतर दर सेकंदाला ११ मीटरने बदलतं. एका सेकंदाच्या दहाव्या भागात १ मीटर १० सेंटिमीटर. पास देणाऱ्याकडे बघून नजर ओळीवर आणायला एवढा वेळ लागतोच, आणि तेवढ्यात बरोबरीतला माणूस हातभर पुढे गेलेला असतो. म्हणून नजर पास देणाऱ्यावर ठेवायचीच नाही. ती ओळीवर ठेवायची आणि पास देणारा डोळ्याच्या कडेला, अंधुक का होईना, दिसत राहील असं उभं राहायचं. पास येणार हे आधी ओळखता येतं. तो मान वर करून पुढे बघतो, मग एक लांब पाऊल टाकतो आणि मागचा पाय उचलतो. तो पाय मागे गेला की ओळीवरची नजर आणखी घट्ट करायची.

काही जण चेंडूच्या आवाजावर भरवसा ठेवतात. जवळच्या पासला तो ठीक. पण आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटरने येतो. ४० मीटरवरून मारलेल्या चेंडूचा ठोका कानाला सेकंदाच्या ०.१२ भागाएवढा उशिरा पोहोचतो, आणि त्या वेळात तो फॉरवर्ड जवळजवळ मीटरभर पुढे गेलेला असतो. लांबच्या पासला कान दगा देतो तो असा.

डोळासुद्धा एका बाबतीत फसवतो. हलणारी वस्तू आणि एखादी क्षणिक घटना एकाच वेळी टिपायची म्हटली, की मेंदूला हलणारी वस्तू असते त्यापेक्षा थोडी पुढे दिसते. दृष्टीच्या अभ्यासकांनी हा परिणाम ऑफसाइडच्या चुकांशी जोडून दाखवला आहे. फॉरवर्ड गोलकडे धावतो म्हणून तो पुढे दिसतो, डिफेंडर उलट दिशेने येतो म्हणून तो आणखी मागे दिसतो, आणि दोन्ही गोष्टी खोट्या झेंड्याकडेच ढकलतात. सरावाने हे पूर्ण जात नाही. पण दोघे एकमेकांना ओलांडताना दिसले आणि खरोखर शंका असली, तर झेंडा खाली ठेवायचा, हे मनाशी पक्कं असलं की बरंचसं सावरतं. बरोबरीत म्हणजे ऑनसाइड, आणि शंका असेल तर फायदा फॉरवर्डला.

चित्र डोळ्यात ठरलं, तरी झेंडा लगेच उचलायचा नाही. पुढचे एक-दोन सेकंद थांबून बघायचं. ऑफसाइड जागेवरचा खेळाडू चेंडूकडे जातो आहे का? की दुसरा, मागून धावत आलेला साथीदार चेंडू घेणार आहे? चेंडू सरळ गोलकीपरच्या हातात तर जात नाही ना? घाईने उचललेला झेंडा या तिन्ही वेळा खेळ विनाकारण थांबवतो. ऑफसाइड जागेवरचा एकटाच चेंडूमागे धावत असेल आणि त्याची गोलकीपरशी टक्कर होण्यासारखी असेल, तर मात्र स्पर्शाची वाट न बघता झेंडा उचलावा. तिथे थांबणं म्हणजे कुणाचं तरी हाड मोडायला वाट देणं.

झेंडा उचलतानाही पद्धत आहे. धावताना तो रेफरीला दिसेल अशा बाजूच्या हातात, उलगडलेला, खाली धरलेला असतो. ऑफसाइडसाठी उजव्या हाताने उचलावा, म्हणजे शरीर मैदानाकडे उघडं राहतं आणि नजरेची ओळ तुटत नाही. डाव्या हातात असेल तर आधी खाली, शरीरासमोर हात बदलायचा. डोक्यावर नेऊन बदलायचा नाही, तो इशाऱ्यासारखा दिसतो. आधी थांबायचं, मग झेंडा सरळ वर, आणि रेफरीशी नजरानजर. शिट्टी झाली की झेंड्याचा कोन बदलून गुन्हा कुठे झाला ते दाखवायचं : मैदानाच्या पलीकडच्या बाजूला असेल तर तिरका वर, मध्यावर असेल तर आडवा, आपल्या बाजूला असेल तर तिरका खाली. रेफरीने बघितलंच नाही आणि चेंडू बचावणाऱ्या संघाकडे सुरक्षित गेला, तर झेंडा निमूटपणे खाली घ्यायचा. फ्री किक अप्रत्यक्ष असते, म्हणजे तिच्यावरून थेट गोल होत नाही, आणि ती खेळाडूने सहभाग घेतला त्या जागेवरून होते. तो ऑफसाइड जागेवरून मागे येऊन आपल्याच अर्ध्यात चेंडूला लागला असेल, तर फ्री किकही त्याच अर्ध्यात. प्रेक्षकांचा आरडाओरडा इथे हमखास होतो.

शेवटून दुसरा खेळाडू म्हणजे गोलकीपरच्या पुढचा डिफेंडर, हे समीकरण डोक्यात इतकं बसलेलं असतं की गोलकीपर पुढे आला की गडबड होते. २०२२ च्या विश्वचषकाच्या पहिल्याच सामन्यात, कतार विरुद्ध इक्वेडोर, तिसऱ्या मिनिटाला एनर व्हॅलेन्सियाने हेडरवर गोल केला आणि तो रद्द झाला. फ्री किकवर कतारचा गोलकीपर चेंडूसाठी पुढे धावला होता. इक्वेडोरच्या फेलिक्स टोरेसचं डोकं चेंडूला लागलं, त्या क्षणी मायकेल एस्ट्राडाचा पाय पुढे होता आणि त्याच्यापेक्षा गोललाइनच्या जवळ कतारचा एकच खेळाडू उरला होता. एक माणूस मागे दिसतोय म्हणून घरी बसलेल्या कित्येकांना तो गोल बरोबर वाटला. लाइनवर असं झालं की आता शेवटून दुसरा जो असेल त्याच्या ओळीत आपण यायला हवं, मग तो गोलकीपर असो की दुसरा डिफेंडर. कॉर्नरनंतरच्या गोंधळात हे वारंवार होतं. कॉर्नरवरून थेट ऑफसाइड नाही, पण चेंडू परत बाहेर मारला जाऊन साथीदाराने पुन्हा आत टाकला की नियम सुरू होतो आणि त्या वेळी गोलकीपर बऱ्याचदा गर्दीत पुढे अडकलेला असतो.

दुसरी हमखास अडचण म्हणजे डिफेंडरला लागून आलेला चेंडू. डिफेंडरने चेंडू जाणूनबुजून खेळला असेल, मग तो कितीही वाईट खेळला असो, तर त्यानंतर ऑफसाइड संपतो. चेंडू त्याला नुसता लागून वळला असेल, किंवा त्याने गोल वाचवण्यासाठी अडवला असेल, तर ऑफसाइड कायम. ‘जाणूनबुजून’ म्हणजे काय यावर खूप वाद झाले. २०२१ च्या नेशन्स लीगच्या, म्हणजे युरोपीय देशांच्या स्पर्धेच्या, अंतिम सामन्यात स्पेनच्या एरिक गार्सियाने घसरत पाय लांबवला, चेंडूला निसटता स्पर्श झाला आणि पुढे ऑफसाइड जागी असलेल्या किलियन एम्बापेने फ्रान्सचा विजयी गोल केला. नियमाच्या तेव्हाच्या शब्दांत तो गोल बसला. पण डिफेंडरने आपलं काम केलं म्हणून फॉरवर्डला मोकळीक मिळाली, हे कुणालाच पटलं नाही. २०२२ मध्ये निकष स्पष्ट झाले : चेंडू लांबून आला का आणि डिफेंडरला तो नीट दिसत होता का, चेंडूचा वेग फार नव्हता ना, दिशा अनपेक्षित नव्हती ना, शरीर सावरायला वेळ होता का. जमिनीवरून येणारा चेंडू हवेतल्यापेक्षा खेळायला सोपा, हेही त्यात आहे. डिफेंडर ताणून पाय टाकतो, उडी मारून डोक्याचं टोक लावतो, तेव्हा साधारणपणे त्याचा चेंडूवर ताबा नसतो. मला हा बदल मनापासून योग्य वाटतो, कारण त्याने डिफेंडरला प्रयत्न केल्याची शिक्षा होत नाही.

डिफेंडर दुखापत झाल्याचं दाखवत गोललाइनच्या बाहेर गेला, तर? रेफरीच्या परवानगीशिवाय बाहेर गेलेला डिफेंडर गोललाइनवरच उभा आहे असं धरायचं, खेळ थांबेपर्यंत किंवा बचावणाऱ्या संघाने चेंडू मधल्या रेषेकडे खेळून पेनल्टी भागाबाहेर काढेपर्यंत. म्हणजे बाहेर पाऊल टाकून फॉरवर्डला ऑफसाइडमध्ये पकडता येत नाही.

फॉरवर्डला ऑफसाइडमध्ये पकडण्याचे डावपेच जुनेच आहेत. १८६३ च्या पहिल्या इंग्लिश नियमांत चेंडूच्या पुढे असलेला कुणीही बाद होता, म्हणजे पास मागेच द्यायचा. १८६६ मध्ये पुढे तीन प्रतिस्पर्धी असले तर चालतं असं ठरलं. १९०७ मध्ये आपल्या अर्ध्या मैदानात ऑफसाइड राहिला नाही. पण तीनच्या नियमात एक डिफेंडर पुढे आला तरी सगळे फॉरवर्ड अडकत. न्यूकॅसलच्या बिल मॅक्रॅकनने ही युक्ती इतकी रुजवली की खेळ मैदानाच्या मधल्या पट्ट्यात आकसला. १९२५ मध्ये तिनाचे दोन झाले आणि इंग्लिश लीगच्या सगळ्या विभागांत मिळून एका हंगामात ४,७०० गोल होत होते ते पुढच्या हंगामात ६,३७३ झाले. बरोबरीत असणारा ऑनसाइड, हे १९९० मध्ये आलं. लाइनवरच्या माणसाच्या दृष्टीने मला हा सगळ्यात मोठा बदल वाटतो, कारण त्याआधी बरोबरीची शंका झेंडा वर नेत होती, आता ती झेंडा खाली ठेवते.

निर्णय व्हिडिओवर तपासणं सुरू झाल्यावर लाइनवरचं काम कमी झालं नाही, वेगळं झालं. गोलची संधी अगदी समोर असेल आणि ऑफसाइड निसटता असेल, तर चाल संपेपर्यंत झेंडा थांबवायचा असतो. आधी उचलला आणि तो चुकीचा निघाला, तर गेलेली संधी परत देता येत नाही. व्हिडिओतही शंका उरते. सेकंदाला ५० चित्रं टिपणाऱ्या कॅमेऱ्यात दोन चित्रांमध्ये ०.०२ सेकंद जातात. वरचाच ११ मीटरचा हिशेब धरला तर त्यात २२ सेंटिमीटर अंतर बदलतं. चेंडूला पाय नेमका कुठल्या चित्रात लागला हे ठरवणं म्हणूनच महत्त्वाचं. २०२२ च्या विश्वचषकात छताखाली बसवलेले १२ कॅमेरे प्रत्येक खेळाडूच्या शरीरावरचे २९ बिंदू सेकंदाला ५० वेळा टिपत होते आणि चेंडूतला सेन्सर सेकंदाला ५०० वेळा माहिती पाठवत होता, म्हणजे लाथेचा क्षण चित्रांच्या मधेही पकडता येत होता. पण गोलकीपरची नजर अडली का, डिफेंडरने चेंडू खेळला की त्याला तो लागला, हे अजूनही माणसालाच ठरवावं लागतं.

बाकी खेळांतला ऑफसाइड थोडक्यात. आइस हॉकीत ओळ रंगवलेलीच असते, त्यामुळे लाइन्समनचं निम्मं काम बर्फावरच झालेलं असतं. पक, म्हणजे खेळायची रबरी चकती, निळ्या रेषेच्या आत जाण्याआधी खेळाडूचे दोन्ही स्केट रेषा पूर्ण ओलांडून आत गेले, तर ऑफसाइड. लाइन्समन हात वर करून थांबतो, आणि सगळे आक्रमक रेषेबाहेर परत आले तर हात खाली घेतो. रग्बीत चेंडू घेतलेल्या किंवा शेवटी खेळलेल्या साथीदाराच्या पुढे असणारा ऑफसाइड, आणि रकमध्ये, म्हणजे जमिनीवरच्या चेंडूभोवती दोन्ही संघांचे खेळाडू एकमेकांना रेटत असताना, ओळ सगळ्यात मागच्या खेळाडूच्या मागच्या पायावरून जाते. तिथे ओळ पायाबरोबर सरकते, म्हणून तिकडच्या रेफरींची पंचाईत आमच्यापेक्षा जास्त. मैदानी हॉकीने तर ऑफसाइड काढूनच टाकला. १९९६ पासून प्रयोग झाला, १९९८ मध्ये तो नियमातून गेला, आणि खेळ मोकळा झाला.

क्रिकेटमधली ऑफ साइड गुन्हा नाही, ती मैदानाची बाजू आहे. उजव्या हाताने खेळणाऱ्याच्या समोरची, म्हणजे त्याच्या उजवीकडची बाजू ऑफ, पाठीमागची लेग. डावखुरा आला की सगळं उलटं, म्हणून डावा-उजवा जोडी खेळत असेल तर प्रत्येक एकेरी धावेनंतर क्षेत्ररक्षण हलतं. पंचाला याची खरी गरज पायचीतच्या वेळी पडते. लेगच्या बाहेर टप्पा पडला तर पायचीत नाहीच. ऑफच्या बाहेर टप्पा पडून चेंडू यष्टींच्या ओळीत पॅडवर लागला तर बाद देता येतो. ओळीच्या बाहेर, ऑफच्या बाजूला लागला, तर फलंदाजाने खरोखर फटका मारण्याचा प्रयत्न केला होता का हे बघायचं. केला नसेल तर बाद देता येतो. फलंदाज मध्येच उलटा फिरून खेळला तर? ऑफ साइड ठरते ती चेंडू खेळात आला त्या क्षणी, म्हणजे गोलंदाजाने रनअप सुरू केला तेव्हा, तो ज्या पवित्र्यात उभा होता त्यावरून. नंतर हात बदलले, पाय बदलले, तरी बाजू बदलत नाही.

गाडीतला ऑफसाइडही असाच एका जागेवरून ठरतो आणि बघणाऱ्याच्या जागेवरून बदलत नाही. ब्रिटिश वळणाच्या बोलीत रस्त्याच्या कडेची बाजू ती नियरसाइड आणि रस्त्याच्या मध्याकडची ती ऑफसाइड. डावीकडून वाहतूक चालणाऱ्या देशांत ऑफसाइड म्हणजे गाडीची उजवी बाजू, आणि बहुतेक वेळा स्टिअरिंगही तिथेच असतं. उजवीकडून वाहतूक असेल तिथे ऑफसाइड डावीकडे जाते. आत बसून पुढे तोंड केलं की जी उजवी, ती उजवी. बॉनेटसमोर उभं राहून बघितलं की गाडीची उजवी बाजू आपल्या डाव्या हाताला येते, आणि नेमकी तिथेच सुट्या भागांची ऑर्डर चुकते. हेडलॅम्प, आरसा, फेंडर, दरवाजाची रबरं हे भाग आरशातल्यासारखे उलटे असतात, एका बाजूचे दुसरीकडे बसत नाहीत. आडवं इंजिन असलेल्या कितीतरी गाड्यांत दोन्ही ड्राइव्हशाफ्टची लांबीही वेगळी असते. वायपरचं लांब पातं बहुधा चालकाच्या बाजूचं. भागांच्या यादीत ओएसएफ म्हणजे ऑफसाइड पुढचा, ओएसआर म्हणजे ऑफसाइड मागचा, तसेच एनएसएफ आणि एनएसआर. ऑर्डर देताना गाडीच्या मागे उभं राहून, पुढे तोंड करून बाजू मोजली की चूक होत नाही. अपघाताचा फॉर्म भरतानाही हाच कित्ता. समोरून काढलेल्या फोटोवरून बाजू लिहिली की उजवा दरवाजा डावा होतो आणि दावा तपासणाऱ्याला नुकसान जुळत नाही.

एक बारीक फरक ध्यानात ठेवण्यासारखा आहे. ऑफसाइड रस्त्याला बांधलेली आहे, स्टिअरिंगला नाही. डावीकडे स्टिअरिंग असलेली गाडी डावीकडून वाहतूक असलेल्या देशात आणली, तर चालक नियरसाइडला बसतो आणि ऑफसाइड होते त्याच्या शेजाऱ्याची. अशा ट्रकला ओव्हरटेक करताना आपण बरोबर त्याच्या न दिसणाऱ्या पट्ट्यातून जातो, कारण तो दुसऱ्या टोकाला बसलेला असतो. तिथे ट्रकच्या बाजूला रेंगाळू नये. मागे पुरेसं अंतर ठेवून थांबावं, त्याच्या आरशात चालकाचा चेहरा दिसतो का बघावं, आणि रस्ता मोकळा दिसला की पट्टा एका दमात ओलांडावा.

अशाच गाडीच्या हेडलॅम्पचीही अडचण असते. डावीकडच्या वाहतुकीसाठी बनवलेल्या लॅम्पचा डिपर ऑफसाइडला खाली कापलेला असतो, समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर जाऊ नये म्हणून, आणि नियरसाइडला तो वर उचललेला असतो, कडेचा पादचारी आणि पाट्या दिसाव्यात म्हणून. उलट वाहतुकीचा लॅम्प बसवला की हाच उचललेला झोत समोरच्या चालकाच्या तोंडावर जातो. बल्ब खाली-वर करून हे सुटत नाही, कारण आकार काचेत किंवा रिफ्लेक्टरमध्येच असतो. थोड्या दिवसांच्या प्रवासापुरती काचेवर चिकटवायची पट्टी चालते, काही लॅम्पना आत बदलायची कळ असते. गाडी कायमची ठेवायची असेल तर लॅम्पची जोडीच बदलावी लागते.